पास स्टँडपर्यंतचा

सकाळची सहा पंचेचाळीस, अक्कलकोट–सोलापूर.
वळसंगला दूधवाले चढतात, कॅन दारातच ठेवतात,
मी ओरडते, ते हसतात, कॅन दारातच राहतात.
कुंभारी आली की
गाडी एकदम दप्तरांची होते.

पास, मॅडम. पास. पास की ओ.
मुलींचा फुकट, मुलांचा तिसऱ्या हिश्शात.
उरलेले दोन हिस्से कोण भरतं
हे कुणी मला विचारलेलं नाही.
विचारलं तर 'सरकार' म्हणेन,
लग्नात न आलेल्या मामाचं नाव घ्यावं तसं.

फोटो सगळ्यांचे एकदाच काढलेले,
आठ कॉप्या, पुरवून पुरवून वापरायच्या.
कार्डावर आठवीतला गाल असतो,
समोर बारावीची मिशी.
मी दोन्हींकडे बघते आणि मशीनमध्ये नंबर टाकते.

मल्लेश येमूल. बी.कॉम., पहिलं वर्ष.
निळ्या शिक्क्याखाली असंच लिहिलंय.
आई विड्या वळते,
पण ते तर गाडीतल्या निम्म्या पोरांचं.
त्याचं वेगळं एवढंच, की
दिवाळीनंतर तो
एमआयडीसीच्या फाट्यावर उतरायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, मित्राकडे असेल.
मग वाटलं, झेरॉक्स.
तिसऱ्या आठवड्यात त्याच्या भुवईत दिसलं
कालचं, धुऊनही न गेलेलं
कापसाचं पिंजलेलं पांढरं.
माझा नवरा नऊ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होता,
ते पांढरं मला कुणी शिकवायला नको.

का रे, कॉलेज काय म्हणतंय?
चालू हाय की ओ मॅडम.
अकाउंट्सच जरा जड जायलालंय.

पास कॉलेजचा, माणूस मागाचा.
हे नियमात बसत नाही.
तो मात्र बसतो, डाव्या बाजूला, तिसरी खिडकी,
मांडीवर दप्तर. त्यात डबा,
आणि डब्याखाली अजूनही
एक जाडजूड वही, मी पाहिलीय.
तपासनीस चढले त्या दिवशी
मीच पुढे जाऊन म्हणाले, मागचे सगळे पासवाले, साहेब.

फाटा ते स्टँड, साडेचार किलोमीटर.
तो उतरला की तेवढे त्याच्या सीटवर पडून राहतात,
पैसे भरलेले, शिक्का मारलेले.
त्यावर कुणी ना कुणी बसतं.
कधी पिशवी, कधी एखादी कोंबडी.

फेब्रुवारीत एका सकाळी
कुंभारी सोडल्या सोडल्या त्याचा डोळा लागला.
रात्रपाळी करून परत दिवसाला निघाला असावा,
मान काचेवर, तोंड थोडं उघडं,
कार्डावरच्या फोटोसारखा एकदम.
फाटा आला. ड्रायव्हरनं आरशात बघितलं.
दोरी माझ्या हातात होती.
मी एकच घंटी मारायची तर
दोन मारल्या.

शांती चौक गेला. त्याला जाग नाही.
मी पैसे मोजत राहिले,
तीनदा मोजले, तीन वेगळे आकडे आले.

स्टँडवर सगळे उतरले, मग तो उठला.
उठवायचं की ओ मॅडम!
आवाज रडका नव्हता, चिडलेला.
अर्धी हजेरी गेली असणार, मला कळत होतं.
तोंडातून निघून गेलं ते असं:
पास इथपर्यंतचा आहे ना तुझा.

तो कार्डाकडे बघत उभा राहिला,
जणू मागच्या बाजूला
आणखी काही छापलंय.
मग दप्तर खांद्याला अडकवून
पोरांच्या मागोमाग खाली उतरला.

गेटातून बाहेर पडलं की
डावीकडे कॉलेजची पोरं जातात,
उजवीकडे परत फाट्याच्या रिक्षा.
तो कुठं वळला, माहीत नाही.
कंट्रोलरकडे हिशेब द्यायचा होता मला,
आणि अकरा रुपये
कमी भरत होते.