हॅन

फिनिश भाषेत तो नाही, ती नाही.
दोघांना मिळून एकच शब्द: हॅन.
हॅन आला, हॅन आली...
बघा, मराठीत लिहायला घेतलं
की क्रियापद लगेच अंगरखा नाहीतर लुगडं नेसून उभं.
तिथं तसं नाही.
म्हणून ओउलूत, समुद्र गोठतो त्या गावात,
निदान वाक्यात तरी सगळे सारखे असतील
असं मी धरून चालले होते.

रेएत्ता किन्नुनेन, वय एकेचाळीस.
मोबाइलच्या मनोऱ्यांचे अँटेना तपासते.
तिची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली,
भिंतींना, छताला, खाली जमिनीलाही
निळ्या फोमचे सुळके.
मधे जाळी ताणलेली, तिच्यावरून चालायचं.
इथं कुठलीच लहर परत येत नाही.
टाळी वाजवा, हातातच मरते.
दहा मिनिटं गप्प बसलं
तर स्वतःचं रक्त ऐकू येतं.

बैठकीची खोली वेगळी.
तिथं मंगळवारी रेएत्ता म्हणाली,
तिसऱ्या पट्ट्यात गळती आहे, फिल्टर बदलायला हवा.
कुणी मान वर केली नाही.
अकरा मिनिटांनी यार्क्को म्हणाला,
मला वाटतं, फिल्टर बदलायला हवा.
इल्पोनं ते फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारून.
तिचंच वाक्य, दाढी वाढवून परत आलेलं.
तिनं ओळखलं.
त्यानं ओळख दाखवली नाही.

मग नेटवर्कवर तिच्या यंत्राचं नाव कुणीतरी बदललं:
कॉफी-दोन.
कॉफी-एक हे खरोखरच कॉफीचं यंत्र होतं.
सगळे हसले. पहिल्या दिवशी तीही हसली.
यार्क्कोचा राग येऊन जातो,
त्या हसण्याचा अजून गेलेला नाही.

महिन्यातून एकदा कंपनीचा सौना.
आधी बायका, मग पुरुष.
बायका म्हणजे ती:
चाळीस मिनिटं, रिकामे बाक, दगडांवर स्वतःच ओतलेलं पाणी.
मग ते बारा जण, दोन तास.
लालबुंद होऊन बाहेर येतात
आणि पुढच्या वर्षाचं बजेट ठरलेलं असतं.

चौदा महिन्यांच्या तारखा घालून
तिनं तक्रार दिली.
मनुष्यबळ विभागाचा अहवाल आला, अर्ध्या पानाचा:
हॅनच्या बोलण्यात हॅनने व्यत्यय आणला
असे हॅनला वाटते.
हॅनचा तसा हेतू नव्हता.
वाचणाऱ्याला वाटावं
कुणीतरी चुकून आपल्याच पायावर पाय दिला.

त्या रात्री रेएत्तानं साधी पेन्सिल घेतली.
एकेक हॅन खोडला, वर नाव लिहिलं.
माझ्या. यार्क्कोने. मला. यार्क्कोचा.
पान गिचमिड झालं, तसंच परत पाठवलं.
उत्तर नाही.
मार्च संपत आला,
बर्फाच्या रस्त्यानं बेटावर मोटारी अजून जातात,
उत्तर नाही.

काल सैमी त्या जाड दाराशी घुटमळत होती.
शिकाऊ आहे, नोकरीला सहा आठवडे.
"आत काय करतेस तू एवढा वेळ?"
"बोलते."
सैमी आत आली. जाळी करकरली.
दार लागल्यावर तिनं एक वाक्य बोलून टाकलं,
परवाच्या बैठकीत निम्म्यावर तुटलेलं,
आकड्यांसकट, पूर्णविरामापर्यंत.
भिंतींनी ते परत केलं नाही,
दुसऱ्या कुणाच्या आवाजात तर नाहीच.

रेएत्तानं वही काढली.
वेळ टाकली, नऊ सत्तेचाळीस.
वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पुढं: सैमी म्हणाली.

म्हणजे तिनं फक्त नाव लिहिलं
आणि त्यांचं ते बिनलिंगाचं क्रियापद.
ली माझी.