शेपटीवाली फाईल

मेहेर सिग्नलजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टायपिंगचं दुकान: दोन खुर्च्या, एक पंखा.

प्रमिला निकुंभ सांगत गेल्या, मी बडवत गेलो.
'दाराला बाहेरून कडी लावतात' इथवर आलो
तर म्हणाल्या, राहू द्या. पुसा सगळं.
पुसलं. कचरापेटीही रिकामी केली त्यांच्यादेखत.
तरी वीस रुपये ठेवून गेल्या.

रामकुंडात म्हणे हाडंसुद्धा विरघळतात.
माझ्या मशीनला ते पुण्य नाही.
रात्री शटर ओढायच्या आधी दिसली:
तेच नाव, शेवटी एक वळवळती शेपटी,
दर दहा मिनिटांनी, कुणी न सांगता,
उतरवून घेतलेली.
कडीसकट.

परवा त्यांचे यजमान आले, आधारची प्रिंट काढायला.
पेनड्राइव्ह स्वतःच खुपसला, स्क्रीनकडे वाकले.
मी पायाने वायर उपटली.
लाइट गेली, म्हणालो.
पंखा फिरतच होता.

आज त्या आल्या. बसल्या नाहीत.
"पुसलं होतं ना हो?"

कुठलं उत्तर हवं होतं त्यांना
आवाजावरून कळेना.
माउसवर हात तसाच.