ळ

सर्कस सेलूत आलती दहा दिवसांसाठी.
तिसऱ्या रात्री मालक जीप घेऊन पसार.
मैदानात उरली खुंट्यांची भोकं,
एक आजारी शेळी,
अन् लाल नाकाचा निरापद मैती,
जिल्हा मेदिनीपूर,
गावाचं नाव मला कधीच धड म्हणता आलं नाही.

माझ्याकडं भोंगे होते, भाड्यानं द्यायचे.
गोदामात कनातींच्या ढिगावर त्याला जागा दिली.
शेळी घेऊनच आला. म्हणला, "ही शेली माझी पार्टनर."

शाळेच्या गॅदरिंगला माईक तपासायचा होता.
मी म्हणलं, बोल काहीतरी.
"शेलूच्या शोगल्या मोंडलीनो, बोशा."
चारशे माणूस फुटलं हसून.
तो दचकला, मागं वळून बघितलं त्यानं,
मागं कुणी पडलंय का.
सर्कशीत एका हशासाठी
शिडीवरून अकरा वेळा पडायचा,
मणक्यात तिथलीच कळ.
इथं उभ्या उभ्या मिळाला.

मग मानवत, पाथरी, परतूर, जिंतूर,
उरूस, कृषी प्रदर्शन, सभापतीच्या नातवाचं जावळ,
पाचशे रुपये अन् जेवण.
पोस्टरवर मीच छापलं: हास्याचा बंगाली बॉम्ब.

दिवसा तो पाट्या रंगवायचा.
बाळू टेलर.
काळे ज्वेलर्स.
नळ फिटिंगचे सर्व सामान मिळेल.
अख्ख्या तालुक्यात तसा ळ कुणी काढला नाही,
एका दमात, ब्रश न उचलता,
दोन म्हाताऱ्या पाठीला पाठ लावून
ऊन खात बसल्यागत.
"जो म्हणता येत नाही," म्हणायचा,
"तो काढावा तरी नीट."

सात-आठ वर्षं झाली असतील.
एका सकाळी जनरेटरच्या डिझेलचे पैसे मागायला गेलो,
तर दाराआडून आवाज:
"कमळ, डाळ सांडू नको बाळा,
केळं खा, शाळेची वेळ झाली."
सगळे ळ जागच्या जागी.
आमच्या गल्लीतल्या पोरांना येत नाही इतकं साफ.

आत गेलो. तो आरशापुढं,
दाढी करत नव्हता.
"कोमोल. दाल. केलं. शाला,"
घोकत होता,
चूक गंजू नये म्हणून.
मला बघून थांबला.
"ग्यानोदा, कुणाला बोलायचं नाही हं.
जीभ लई शहाणी व्हायली."

कमळ दहावीत गेली तेव्हा भांडली:
बाबा, स्टेजवर निदान माझं नाव तरी धड घ्या.
तो म्हणला, तुझ्या नावावर तर सगळ्यात जास्त हसतात.
फी त्यातूनच भरली.
ती मग कधी कार्यक्रमाला आली नाही.
त्यानं नाव काही बदललं नाही,
फक्त ते घेताना
माईक थोडा लांब धरायला लागला.
आवाज वाढवायचं काम माझं. मी वाढवायचो.

एकोणीस वर्षांनी गावाकडं गेला,
भावाच्या पोरीचं लग्न.
पंधरा दिवसांसाठी गेलता, सहाव्या दिवशी परत.
स्टँडवर मीच घ्यायला गेलो.
बॅग माझ्या हातात देत म्हणला,
"पंगतीत भात मागितला, ग्यानोदा.
माझ्या बांग्लात ळ निघाला.
सगळे हसले.
लाइट नाही, माईक नाही.
फुकट."

माझी पाटी त्याची शेवटची.
हात थरथरायचा, तरी तीन दिवसांत केली:
ग्यानोबा रासवे, मंडप, भोंगे, भांडी.
मागं सरकून बघत राहिला, तोंड पाडून.
"हिच्यात एक बी ळ नाही,"
अन् मला न विचारता खाली लिहिलं:
वेळेवर मिळेल.

मी आयुष्यात कुणाला वेळेवर दिलं नाही.
गिऱ्हाईक भांडायला येतं,
पाटीकडं बोट करतं.
मी म्हणतो, लिहिणारा परमुलखातला होता,
चुकून लिहिलं असंल.
अन् ते हसतं.
अजून हसतं.