डाव्या हाताची वाटी

एकवीस वर्षं मी फळ्यावर डोंगर काढले.
दोन त्रिकोण, मधून सूर्य,
सूर्याच्या पायाशी नदी, नदीकाठी माड.
खाली सहावीची बत्तीस डोकी,
बत्तीस वह्यांत बत्तीस सूर्य,
सगळे एकाच वेळी उगवणारे.

खिडकीबाहेर खरा डोंगर होता.
माथा पालथ्या काठवटीसारखा सपाट,
वर अकरा पवनचक्क्या, त्यातल्या दोन बंद.
त्याच्याकडं पाठ करून बसायचा वर्ग.
मीच बसवला होता तसा,
फळ्यावर उजेड नीट पडावा म्हणून.
आणि माड म्हणाल तर गावात एकच,
गलाईवाल्यांच्या बंगल्याच्या फाटकावर,
सिमेंटचा.

मग जानेवारीत विट्याच्या स्टँडवर
एसटीतून उतरताना पडले.
उजवं मनगट प्लास्टरात, फळा कोरा.
म्हटलं, काढा.
‘काय काढू बाई?’
तुम्हाला काढावंसं वाटतं ते.
‘पण काय?’
मला काय माहीत?
एकवीस वर्षांत वर्गात पहिल्यांदाच
असं काही बोलले असेन.

पहिला तास वाया गेला.
पट्टीनं सगळ्यांनी समास आखले, सुबक,
आणि समासाच्या आत काहीच नाही.
दुसऱ्या तासाला एकानं झेंडा काढला,
की बत्तीस झेंडे.
मी चिडले.
घरी येऊन डाव्या हातानं एक वाटी काढून बघितली.
बसेना. कलंडली.
तीच नेऊन फळ्याला चिकटवली.
पोरं हसली, पोट धरून हसली.
बिरू हाके म्हणाला,
‘बाई, ह्यातलं सांडलं की समदं!’
आणि काय सांडलं ते काढायला बसला.

त्यानंतर त्यानं मेंढरं काढली.
नुसत्या शेपट्या, खूर, धूळ.
तोंडं कुठायत रे?
‘मी मागं असतो नव्हं.’

सायमा मुलाणीनं शिलाई मशीन काढलं
खालून, चाकाच्या बाजूनं.
तिथंच बसून ती भावाला झोपवते.
आराध्यानं अख्खं पान पिवळं रंगवलं,
त्यावर काळं, त्यावर परत पिवळं.
कागद फाटायला आला.
माझ्या डाव्या हातात खोडरबर होता, सवयीनं.
काढायला डावा पुरत नाही,
खोडायला मात्र पुरतो,
हे तेव्हा कळलं, आणि घाबरले.
खिशात टाकला.
तास संपताना तीच म्हणाली,
‘पप्पा सेलमला सोनं आटवतात.
व्हिडिओ कॉलला एवढंच दिसतं.’

नलवडे सर म्हणाले,
एलिमेंटरीला तांब्या येतो, वांगं येतं.
शेपट्या येत नाहीत.
खरं आहे त्यांचं.
आठवीला अजून जादा तास घेऊन
तांब्याच्या काठाचं लंबवर्तुळ घोटून घेते मी.
पण बिरूनं परवा वही पुढं केली,
‘लांबची मेंढरं लांब वाटंनात, बाई.’
तेव्हा त्याला शिकवलं,
लांबचं लहान, लांबचं वर, लांबचं फिकट.
दहा मिनिटांत उचललं त्यानं.
हेच गेल्या वर्षी
महिनाभर फळ्यावर आखत होते.

प्लास्टर निघालं मार्चात.
हात बारीक झालाय, रेघ थरथरते.
बाकं फिरवली.
फळा आता पाठीमागं, डोंगर समोर.
अजून एकानंही तो काढलेला नाही.
मीच काढतेय, मागच्या बाकावर बसून.
नऊ चक्क्या जमल्या.
बंद दोन जमत नाहीत.
थांबलेलं पातं आणि फिरणारं पातं
कागदावर सारखंच दिसतं.

सायमाला विचारलं.
तिनं वाकून बघितलं, ब्रशचं टोक चावलं,
म्हणाली,
‘त्याच्यावर पाखरू बसवा की.’