उलाळ

जिनिंगचा हंगाम सरला की वजनकाट्यावर कोणी येत नाही.
उन्हाळा ते दसरा, रात्र माझी.
राळेगाव रोड, ट्यूबलाइटभोवती किडे,
टेबलाला शिकंज्यानं आवळलेलं जुनं स्टिअरिंग
(अमरावतीच्या एका पोराकडून, साडेतीन हजार,
क्लचचा पॅडल सुतळीनं बांधलेला)
आणि पावत्या छापायच्या त्याच कॉम्प्युटरवर,
ज्यात शेठच्या पुतण्यानं ग्राफिक कार्ड टाकलं
अन् पुण्याला निघून गेला,
बेल्जियमचा चढ.

पहिला महिना मी नुसता भिंतींत गेलो.

लहान गाडी, पुढची चाकं ओढणारी.
जास्त वळवलं तर सरळच जाते, मान ताठ करून.
तिचा वेग आधीच मारायचा, मग हळूच वळण मागायचं.
उघड्या चाकांची दुसरी, इतकी हलकी
की मला शिंक आली आणि ती गवतात.
जर्मनीतला जंगलाचा ट्रॅक मी पावत्यांच्या पाठीवर लिहिला:
पुलानंतर डावीकडे, दिसत नाही, तरी विश्वास ठेव.
इथे तिसरा. इथे तिसराच. इथे घाई नको, गाढवा.
कपाटावर बावीस पावत्या चिकटवल्या,
पुढून कोणाची तरी सरकी, मागून माझी वळणं.

मग ती, मागे इंजिन असलेली.
सारा जून तिनं खाल्ला.
वळणात घाबरून पाय उचलला की
शेपूट पुढे येऊन मला विचारी, कुठे निघालास?

आत्राम काका रात्रपाळीचे राखणदार.
दाराशी बिडी विझवून, खूप वेळ बघून म्हणाले,
"हे गाडी उलाळ हाये, बाप्पा.
मागं वजन. धुरेवर काईच नाही.
उतारात कासरा ढिला सोडशीन त फिरनच."
मी म्हटलं, काका, ही तीनशेनं पळते.
"पयू दे. वजनाले काय मालूम?"

पाच वर्षं मी वजनं लिहितोय.
गाडी थांबू दे, इंजिन बंद, ड्रायव्हर खाली,
आकडा ठरला की छापायचं.
हलतं वजन मी कधी मोजलंच नव्हतं.
त्या रात्री पाय उचलला नाही,
अर्धाच ठेवला, कासऱ्यासारखा.
शेपूट विचार करत राहिली, आली नाही.
"आता धुरजड करू नोको," काका म्हणाले,
आणि मी ब्रेक लवकर सोडला.

रविवारची शर्यत. पिंग दोनशे दहा.
दुसऱ्यांना मी उड्या मारत दिसतो म्हणे,
इथे आहे, इथे नाही.
फिनलंडचा एक जण, नाव वाचता येत नाही,
सहा फेऱ्या माझ्या आरशात.
सातवीला लाईट गेली. इन्व्हर्टरनं धरलं.
एकोणिसावा निघालो, चौदावा आलो, कोणाला न घासता.
त्यानं काहीतरी लिहिलं, दोन शब्द.
मी भाषांतर करून पाहिलं नाही. राहू दिले तसेच.

खरी चारचाकी मी चालवलेली नाही.
हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

पहाटे सरकी भरायला बिसन मोहुर्लेचा ट्रक आला, रिकामा.
रिकाम्याचं वजन घेतलं: सात हजार नऊशे चाळीस.
बिसन हातपंपावर तोंड धूत होता.
"घे ना काट्याखाली," त्यानं किल्ली फेकली,
"रातभर त लंडन फिरतू तू."

केबिन उंच. स्टिअरिंग ताटाएवढं नाही, परातीएवढं.
इथे सुतळी नव्हती. क्लच पायाला उलटा ढकलत होता.
पहिला टाकला. सोडला.
ट्रक वीतभर उडाला आणि बंद पडला.
काट्याच्या पत्र्याखाली काहीतरी कण्हलं.
खिडकीतून मला माझ्याच खोलीतला लाल आकडा दिसत होता,
डोलत, खाली, वर,
मग ठरला:
आठ हजार.

आत्राम काकांनी बिडी पेटवली.
मी परत किल्ली फिरवली.