पाण्याच्या दुसऱ्या दिवशी

घर बदलायचा दिवस ठरला तो पंचांग बघून नाही,
मैनोद्दीनचा टेम्पो बघून.
सकाळी तो एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे घेऊन
चाटी गल्लीत येतो, आणि अकराला
रिकामाच परततो अक्कलकोट रोडनं.
"रिकामं जायचं ते तुमची भांडी घेऊन जातो की.
डिझेल काय वेगळं जळतंय का?"
साखर पेठ ते नीलम नगर.
एका खेपेत बसलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून पंधरा दिवस आधीपासून
आम्ही घर बारीक करत आणलं.
विड्या वळायचं सूप आणि पानं कापायचा पत्र्याचा फर्मा
रेणुकाला दिला, तिची बोटं अजून चालतात.
माझी कात्री मात्र ठेवली.
कशाला, ते विचारू नका.

खोकी आणलीच नाहीत.
अंबादासच्या कारखान्यातले नापास नॅपकिन होते,
काठ उसवलेले, एकावरच्या मोराला चोचच नाही.
त्यांत कप, त्यांत बशा,
आणि आरसा दोन चादरींच्या मध्ये
आजारी माणसासारखा.
पोरगी शाळेतून शब्द घेऊन आली, पर्यावरणपूरक,
आणि तो खडूनं निळ्या पिंपावर लिहिला.
मी म्हटलं, बरं झालं,
नाव तरी मिळालं.

पण पिंप.
पिंपाचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.
काल पहाटे अडीचला नळ आला,
सवयीनं उठले, सवयीनं भरलं:
दोन पिंपं, पाच कळश्या, एक घागर,
कुकरसुद्धा.
चार दिवसांचं पाणी
आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालेलो.
मैनोद्दीन हसला. "भरलेलं पिंप? छे ताई.
पहिल्या खड्ड्यातच सांडंल सगळं."

मग वाटप.
शकिराबीकडं बाळंतीण आहे, तिला तीन कळश्या.
नरसप्पानं पंक्चर बघायच्या घमेल्यात ओतून घेतलं
आणि जुनं पाणी रस्त्यावर मारलं, धूळ बसली.
दारातल्या लिंबाला दोन बादल्या.
त्याला आजवर भांड्यांचंच पाणी मिळालेलं,
पहिल्यांदाच कोरं पाणी, तेही निघताना.
फरशी पुसली, आणि पुसून काळं झालेलं
कढीपत्त्याच्या डब्यात.
पिंप शेवटी तिरकं केलं तेव्हा
तिनं लिहिलेला शब्द
माझ्या तळहाताला लागला.

तरी ती घागर उरली.
येणाऱ्यांचं नाव ठाऊक नव्हतं,
मालक म्हणाले होते, उद्या येतील कुणी बार्शीकडचे.
तिच्यावर ताटली ठेवली,
ताटलीवर फुलपात्र पालथं.
घागर माझ्या माहेरची.
परत मागायला यायचं की नाही,
ठरवलं नाही.

टेम्पोत मागं बसलो, गादीवर तिघं.
कढीपत्ता माझ्या मांडीवर,
दर खड्ड्याला तो वास सोडायचा
आणि अशोक चौकापर्यंत
सगळ्यांना भूक लागलेली.

नीलम नगरात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर.
मोरीतल्या नळाला तोटी नव्हती, चिंधीचा बोळा होता.
तो काढला. काहीच नाही.
भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला,
"कालच येऊन गेलं की.
आता रविवारी."
निंगव्वा तिचं नाव, ते नंतर कळलं.
आधी बादली आली, भिंतीवरून,
थोडी सांडत.
"उसनं हाय हां," ती म्हणाली. "मोजून ठेवलंय."

बिनचोचीच्या मोरानं
मी भिंतीवरचं ओलं टिपलं.
नॅपकिन पिळायचा तर कुठं पिळायचा,
बघत उभी राहिले.
कढीपत्ता अजून टेम्पोतच होता.
मैनोद्दीन हॉर्न वाजवत होता.