संयोगचिन्ह

मंगळवारी दहाला येतात गिल्दास त्रोश्यू,
टोपी गुडघ्यावर, बायको बाहेर बाकावर.
चाळीस वर्षं आंजेच्या एका छापखान्यात
त्यांनी खिळे जुळवले.
ओळ भरत आली की शब्द कुठे तोडायचा
हे सगळे त्यांच्या बोटांना विचारायचे.
मार्चमध्ये मेंदूतली एक बारीक शीर फुटली
आणि शब्द तोंडातच तुटू लागले, नको तिथे.

मी टेबलावर टिचक्या मारते.
फ. ने. त्र.
खिडकी.
ते मान हलवतात,
डाव्या तळव्याने माझी तिसरी टिचकी पुसून टाकतात:
शेवटचं अक्षर मुकं आहे, बाई,
मुक्याला एकटं पुढच्या ओळीत धाडू नये.
(हे सगळं नुसत्या भुवयांनी.)

मी चित्र काढते. अँ शा. मांजर.
'शा'वर जरा रेंगाळायचं.
अँ शा न्वार. काळं मांजर.
आता 'शा' हलका, भार 'न्वार'वर.
अँ शा न्वार की दॉर. काळं मांजर, झोपलेलं.
भार पुन्हा सरकला.
आमच्याकडे आघात कुठल्याच शब्दाच्या मालकीचा नाही.
जो शेवटी निघेल त्याने दिवा मालवायचा.
ते ऐकतात, आणि मांजरापाशीच थबकतात.
शेवटापर्यंत पोचणं, तेच तर अवघड.

आज अकराला पाच कमी असताना दार किलकिलं झालं.
तिच्या हातात त्यांचा मफलर.
ते वळले.
"आर्"
आणि अडले.

विशेषनाम तोडू नये.
हा नियम त्यांनीच मला शिकवलेला,
मागच्या महिन्यात, जुन्या मुद्रितावर नखाने खूण करून.
आता तेच नाव मधोमध दुभंगलेलं,
र इकडे, म तिकडे,
कपाळावर घाम.

मी टिचकी मारणार होते. नाही मारली.
त्यांनी टेबलाच्या अगदी कडेला
बोटाने एक आडवी रेघ ओढली, नखाएवढी:
शब्द संपलेला नाही, खालच्या ओळीत बघा.
ती कुठेच बघत नव्हती.
मफलरची घडी घालत होती, उलगडत होती.
बाहेरून ट्रॅम गेली.

"मेल."
लांब, सगळा भार घेऊन,
शेवटचा ल जिभेवर तसाच धरून ठेवलेला,
सोडला तर सांडेल.

"वी," ती म्हणाली. हो.
एवढ्याशा शब्दात तोडायला जागाच नसते.

ते गेल्यावर मी नोंद केली:
आर्मेल. दोन अक्षरं. मधलं अंतर अकरा सेकंद.
मग 'अंतर' खोडलं,
आणि वर लिहिलं, समास.